रेघेच्या जाडीतलं गाव

१

रेघ बारीक झाली होती.

जेवणं आटोपून सगळे पुन्हा सभागृहात जमले, आमोदनं नकाशावरचं पांढरं कापड उचललं आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला. काचेखाली नकाशा होता, नकाशावर ती जुनी लाल रेघही होती. पण हिरेन नावाच्या गावाशी तिची वरची कड कुणीतरी काच उचलून घासून पुसून टाकली होती. सकाळपर्यंत ते गाव रेघेच्या पोटात होतं. आता ते रेघेबाहेर, उत्तरेकडे, तेल्मारच्या हद्दीत मोकळं उभं होतं.

मंदाकिनीबाई पोंक्षे घाबरल्या. परराष्ट्र खात्यात उभी हयात घालवलेल्या बाई त्या, सहजासहजी घाबरणाऱ्या नव्हत्या. पण ही रेघ कशी आखली गेली आणि तिच्यापायी किती माणसं गेली हे त्यांना पाठ होतं.

पन्नासएक वर्षांपूर्वी कोर्वान आणि तेल्मार या दोन शेजारी देशांचं युद्ध थांबलं. दोन दमलेल्या सेनापतींनी तंबूतल्या टेबलावर नकाशा पसरून जाड लाल पेन्सिलीनं शस्त्रसंधीची रेघ ओढली. पेन्सिलीला टोक काढायचं कुणालाच सुचलं नाही. त्या रेघेची जाडी जमिनीवर उतरवली तर तिच्यात एक अख्खं गाव बसत होतं. दोन्ही देश म्हणत गाव आमचं. राहत मात्र तिथं कुणीच नव्हतं, आणि दर हिवाळ्यात त्याच्यावरून तोफा धडधडत. उघडपणे बोलणी करायची दोन्ही सरकारांना चोरी, म्हणून मंदाकिनीबाईंनी त्यांना कोथरूडमधल्या या जुन्या नकाशांच्या संस्थेत आणून बसवलं होतं. कोथरूडमध्ये कुणी कुणाला शोधायला येत नाही, आणि आलंच तर गाडी लावायला जागा मिळत नाही.

आज खंडेनवमी. उद्या दसऱ्याला सह्या व्हायच्या होत्या. गाव कुणाचंच नाही असं ठरणार होतं; सुरुंग काढायचे, विहीर उपसायची, मूळच्या लोकांना घरी येऊ द्यायचं.

कोर्वानचे कर्नल बारेक काचेवर वाकले. मग सरळ झाले आणि आवाज न चढवता दोन वाक्यं बोलले. त्यांच्या शेजारी उभा असलेला दुभाषी युसान ती इंग्रजीत सांगू लागला. "कर्नल म्हणतात, ही खोली सोडून कुणी जायचं नाही. सगळ्यांच्या बॅगा उघडा."

खोडरबर युसानच्याच बॅगेत निघालं. एका बाजूला लाल माखलेलं, दुसऱ्या बाजूला पिवळं.

कर्नल आणखी काहीतरी बोलले. ते भाषांतर करायचं युसानचं कामच होतं, पण त्यानं ते केलं नाही. मग तो मंदाकिनीबाईंकडे वळून मराठीतच म्हणाला, "मावशी, हे माझं नाही हो."

२

"मावशी" हे काही उगाच नव्हतं. कोर्वानचा युसान पुण्यात शिकायला आला तेव्हा शनिवार पेठेत मंदाकिनीबाईंच्याच घरी राहिला होता. सहा वर्षांत त्यानं पदवी घेतली, मराठी शिकला आणि पुणेरी टोमणाही शिकला. दोन्ही शेजारी देशांच्या भाषा येणारा आणि दोन्ही बाजूंना चालणारा दुभाषी हवा होता, तेव्हा बाईंनीच त्याचं नाव सुचवलं होतं. तेच आता त्यांच्या जिवाला लागलं.

कर्नलनी युसानचा पासपोर्ट काढून स्वतःच्या खिशात घातला. संध्याकाळच्या विमानानं ते त्याला घेऊन जाणार होते. कोर्वानमध्ये शत्रूला विकल्या गेलेल्या माणसावर खटला चालतो, असं म्हणतात. चाललेला मात्र कुणी पाहिलेला नव्हता.

"विमानतळाची गाडी येईपर्यंत मला वेळ द्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"द्यायला काय हरकत आहे," कर्नल स्वतःच इंग्रजीत म्हणाले; बैठकीबाहेर त्यांना दुभाषी लागत नसे. "वेळेनं उत्तर बदलणार नाही."

आमोद संस्थेतले नकाशे सांभाळायचा. त्यानं खोडरबर लांबूनच ओळखलं आणि सगळ्यांना कळेल असं इंग्रजीत सांगितलं. "मॅडम, हे पाटावरचं आहे." त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं. सकाळी त्यानं तिथं पाट मांडून सभागृहातली अवजारं पुजली होती: भिंग, पट्टी, कर्कटक, पेन्सिली, खोडरबर. झेंडूची फुलं अजून टवटवीत होती. "जुन्या कागदांच्या खोलीत मी कुंकू आणत नाही, उडून बसतं. नुसतं ओल्या हळदीचं बोट लावलं होतं सगळ्यांना. पूजा झाल्यावर आज कोण हात लावणार अवजारांना?"

"हात लावणारा भेटला की," कर्नल म्हणाले. "त्याचा हात पाहा."

युसाननं हात पुढे केले. उजव्या हाताची बोटं पेरांपर्यंत पिवळी होती.

पोरगा म्हणत होता, "मावशी, मी वरण-भात हातानं जेवलो, बटाट्याची भाजीही होती," आणि ते खरंही असेल. बाकीचे पाहुणे चमच्यानं जेवले होते. पण हिरेन हे त्याच्या आजोबांचं गाव. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत आजोबा त्या गावातून बेपत्ता झाले, ते परत आलेच नाहीत. अशा माणसाला कुणी गावाचं आमिष दाखवलं असेल तर? हा विचार मनात आला याचीच त्यांना लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

"दुपारी किल्ली कुणाकडे होती?" त्यांनी विचारलं.

युसाननं मान खाली घातली. "माझ्याकडे. जेवायला जाताना कर्नलनी दिली होती."

३

सभागृहाला दोन दारं. शस्त्रसंधीच्या बैठकांची ही जुनी रीत: कुणी कुणाच्या मागून आत जायचं नाही. उत्तरेचं दार तेल्मारचं, दक्षिणेचं कोर्वानचं, ज्याची किल्ली त्याच्याकडे. यजमानांकडे एकही नाही.

फाटकावरचा बजरंग पलीकडच्या गावाचा, आता शहरानं गिळलेल्या. "कर्नलसायेब जेवन झाल्यापासनं हितंच व्हते बाई. शिग्रेट वढत. येक संपली की दुसरी. आमोददादा घरला गेलते निवद दाखवायला, म्या सोता फाटक उघडलं. परत आल्याव बैठकीची बेल झाली."

म्हणजे कर्नल नाहीत, आमोद नाही. उरला युसान. आणि उरल्या तेल्मारच्या प्रतिनिधी, मादाम सेविन.

कर्नल व्हरांड्यात बसले होते. "बाई, तुम्ही त्याला मुलासारखं वागवलंत, मला कळतं," ते म्हणाले. "पण रेघ पुसून फायदा तेल्मारचा. मग तेल्मारनं त्याला विकत घेतलं."

"फायदा कसला? नकाशाचा सकाळचा स्कॅन आमोदकडे आहे. कुणीही ताडून पाहील. रेघ पुसून गाव मिळत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल."

"गाव मिळत नाही. पण माझं सरकार उद्या सही करणार नाही, हे नक्की."

मंदाकिनीबाई थबकल्या. हेच तर. ज्यानं रेघ पुसली त्याला गाव नकोच होतं. त्याला भांडण हवं होतं. "बोलणी मोडावीत असं कुणाला वाटतं, कर्नल?"

"मला विचाराल तर कालपर्यंत मलाही वाटत होतं," कर्नल कोरडेपणानं म्हणाले. "सुरुंग, शाळा, रस्ता, सगळं एका दुपारी मान्य झालं. आणि एका विहिरीवर आम्ही तीन दिवस बसलो. उपसायची की बुजवायची. मादाम म्हणाल्या बुजवा, पाणी खराब असेल. एवढ्याशा विहिरीवर मी कुणाला इतकं बोलताना पाहिलेलं नाही. शेवटी तेल्मारच्या राजधानीतूनच फोन आला, की पुरे, उपसू द्या."

त्यांनी सिगारेट विझवली आणि फाटकाकडे पाहिलं. "गाडी लवकर येईल असं दिसतंय. दसऱ्याची गर्दी आहे म्हणे रस्त्याला."

४

मादाम सेविन आपल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, मऊ बोलणाऱ्या. चार दिवसांत त्यांनी संस्थेतल्या सगळ्यांना जिंकलं होतं. स्वयंपाकघरातल्या मैनाला त्या नावानं हाक मारत, सकाळी तिनं कुंकू लावलं तेव्हा कपाळ पुढं करून हसल्या होत्या. गळ्यातला पांढरा रेशमी रुमाल त्यांनी आता मांडीवर घेतला होता. त्याचं एक टोक ओलं होतं.

"बिचारा मुलगा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्याला वाचवा. मी काही मदत करू शकते का?"

"दुपारी आपण कुठं होता?"

"इथंच. डोकं दुखत होतं." त्या हसल्या. "मला ठाऊक आहे तुम्ही काय विचारणार. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, रेघ माझ्या देशाच्या बाजूनं पुसली आहे. पण मला सांगा, इतकं उघड पाप मी करीन? मी म्हातारी आहे, मूर्ख नाही."

हा बचाव बिनतोड होता. मंदाकिनीबाईंनाही तो पटला, आणि पटला म्हणूनच त्यांचा जीव आणखी घाबरा झाला. कारण मग युसानशिवाय कुणी उरत नव्हतं.

"रुमालाला काय झालं?" उठता उठता त्यांनी विचारलं. विचारायचं म्हणून.

"अरे हे?" सेविननी टोक उलगडलं. विटकरी लाल डाग होता. "तुमच्या मैनाचं कुंकू. कपाळ पुसताना लागलं. साबणानं धुतलं, पण जात नाही."

"नाही जात लवकर," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि खोलीबाहेर पडल्या.

जिन्यावर त्यांना युसान दिसला. कर्नलचा माणूस त्याच्या शेजारी बसला होता. युसान गुडघ्यावर वही ठेवून आईला पत्र लिहीत होता. डाव्या हातानं. त्यानं वर पाहिलं. "मावशी, हे तुम्हीच पोस्टात टाका," तो म्हणाला. "माझ्या हातून जाईलसं वाटत नाही."

बाईंच्यानं तिथं थांबवेना.

५

त्या स्वयंपाकघरात गेल्या, कारण दुसरीकडे कुठंही कुणीतरी त्यांच्याकडे पाहत होतं. मैना दुपारच्या टेबलावरचं पांढरं कापड धूत होती. युसानच्या जागी त्याच्यावर वरण सांडलं होतं.

"काय बाई, आता यो डाग काय जातोय," मैना म्हणाली. "आधी उनात टाकायचं तर माज्या नव्या सूनबाईनं साबन लावला. बगा कसं लालेलाल झालं."

मंदाकिनीबाई बघत राहिल्या. पिवळा डाग साबणाच्या फेसाखाली विटकरी झाला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंची पांढरी चादर त्यांनी अशीच लाल करून ठेवली होती, आणि ते ऐकून घ्यावं लागलं होतं जन्मभर. हळदीच्या डागाला साबण लावायचा नाही. या गावातल्या कुठल्याही बाईला हे एका डागात कळलेलं असतं. बाप्यांनासुद्धा. सहा वर्षं पेठेत काढलेल्या युसानला तर नक्कीच.

हे ठाऊक नसणारी आणि किल्लीवर हक्क असणारी दोनच माणसं या इमारतीत होती, आणि त्यातलं एक दुपारभर फाटकाशी सिगारेट ओढत होतं.

आणि युसानचा हात. पिवळा होता तो उजवा. शनिवार पेठेत पहिल्या दिवशी तो डाव्या हातानं जेवायला बसला तेव्हा त्यांनीच त्याला दटावलं होतं. तेव्हापासून जेवणापुरता तो उजवा झाला. लिहिणं, खोडणं, सगळं डाव्यानं. आत्ताच जिन्यावर तो लिहीत होता, आणि डावा हात धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता.

फाटकाची बेल वाजली. गाडी आली होती.

"मैना, एक लिंबू दे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आणि तुझं कुंकू."

६

सेविननी दार उघडलं. बाईंनी आत येऊन कडी लावली. टेबलावर बशी ठेवली, आपल्या हातरुमालावर कुंकवाचं बोट उमटवलं आणि त्यावर लिंबू पिळलं. बाजारचं, रंगाचं कुंकू; ते ओघळलं, फिकं झालं, पण लालच राहिलं.

"आता तुमचा रुमाल द्या."

सेविननी तो हलवला नाही. मग बाईंनीच वाकून टोक हातात घेतलं आणि लिंबाचे दोन थेंब सोडले. विटकरी डाग डोळ्यांदेखत पिवळा झाला. लख्ख, ताज्या हळदीसारखा पिवळा.

"पाटावरचं खोडरबर तुम्ही रुमालात धरलंत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "बोटांचे ठसे नकोत म्हणून असेल. मग ते सभागृहातच राहिलेल्या युसानच्या बॅगेत टाकलंत. ओली हळद लागली. साबण लावलात आणि ती लाल झाली. सकाळचं कुंकू तुम्हाला आयतंच कारण मिळालं. आमच्याकडे हळदीला साबण लावत नाहीत, मादाम."

सेविननी रुमाल टेबलावर ठेवला. बोलल्या तेव्हा आवाज तसाच मऊ होता, आणि मऊ आवाजाची इतकी भीती वाटू शकते हे मंदाकिनीबाईंना त्या दिवशी कळलं.

"माझ्या भावाची तुकडी हिरेनमध्ये होती. मी तिच्यात परिचारिका होते, विशीतली. गाव रिकामं केलं असं आम्ही वर कळवलं." त्या थांबल्या. "गाव रिकामं नव्हतं केलं. विहीर भरली होती, माणसांनी."

मंदाकिनीबाईंना युसानचे आजोबा आठवले.

"भाऊ आता आमच्या देशातला फार मोठा माणूस आहे," सेविन म्हणाल्या. "आणि तुम्ही हे बाहेर बोललात तर उद्या सही होणार नाही. या हिवाळ्यात पुन्हा तोफा. तुमचा मुलगा एक आहे. तिकडे किती असतील, मोजा."

यात धमकी होती आणि हिशेबही होता. सगळ्यात वाईट म्हणजे हिशेब बरोबर होता. मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र जिन्यावरचं ते पत्र होतं.

"मी बाहेर बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलायचं. एकट्या कर्नलशी. आणि उद्या सही करायची, विहिरीच्या कलमासकट. नाहीतर हा रुमाल आणि मी विमानतळापर्यंत त्यांच्या गाडीत बसून जाऊ."

दारावर थाप पडली. बाहेरून युसानचा आवाज आला, कोरडा, दुसऱ्याचे शब्द सांगणारा. "कर्नल निरोप घ्यायला आले आहेत."

७

कर्नल आत आले. मागोमाग युसान येऊ लागला, तसं बाईंनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

"दुभाषी?" कर्नलनी विचारलं.

सेविन उठून उभ्या राहिल्या आणि थेट त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. शेवटी शेजारी देश. भांडायला त्यांना दुभाषी लागत होता, कबुलीला लागला नाही. मंदाकिनीबाईंना एक शब्द कळत नव्हता. त्यांना फक्त कर्नलचा चेहरा दिसत होता. आधी तो चिडलेला होता. मग त्यावर काहीच राहिलं नाही. एकदा त्यांचा हात कमरेशी गेला, जिथं इथं पिस्तूल नव्हतं, आणि बाईंना वाटलं, संपलं सगळं. सेविन बोलतच राहिल्या. कर्नलनी टेबलावरच्या रुमालाचा पिवळा डाग पाहिला, अर्धं लिंबू पाहिलं, आणि ते खाली बसले.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला.

बऱ्याच वेळानं कर्नल दार उघडून बाहेर आले. खिशातून पासपोर्ट काढून त्यांनी युसानच्या हातात ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण ठेवला नाही.

"जुना कागद होता," ते मंदाकिनीबाईंना म्हणाले. "जुन्या कागदाची कड उडते. बोलणी मोडली तर विहीर तशीच राहील. ती उपसली पाहिजे, बाई. बाकी सगळं त्यानंतर."

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. कलमं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम युसानचं होतं. विहिरीचं कलम त्यानं दोन्ही भाषांत वाचलं, स्पष्ट, न अडखळता. सेविन टेबलाकडे पाहत होत्या. गळ्यात रुमाल नव्हता. त्यांनी सही केली तेव्हा पेन कागदावर करकरला.

मग बजरंगनं सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. आमोदनं पाटावरची अवजारं उचलून जागच्या जागी ठेवली. युसान अंगणात मंदाकिनीबाईंपाशी आला, त्यांच्या हातात पान दिलं आणि वाकून नमस्कार केला.

"सोनं घ्या मावशी, सोन्यासारखं राहा. तुम्ही मला वाचवलंत आणि कोण होतं ते सांगत नाही."

"सगळं सांगायलाच हवं का?"

"नको." तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "खरं सीमोल्लंघन आता. वसंतात जाईन म्हणतो हिरेनला. आजी सांगायची, गावच्या विहिरीचं पाणी इतकं गोड होतं की आजोबा दुसरं पीतच नसत. पहिल्यांदा ते पिणार. तुमच्यासाठी बाटली भरून आणीन."

मंदाकिनीबाईंच्या हातातलं पान चुरगळलं.

"पाणी पिऊ नकोस, बाळ," त्या म्हणाल्या. "विहीर उपसताना तिथं जाऊही नकोस. आधी मला फोन कर. मी येते तुझ्याबरोबर."

युसान त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला कालचं बंद दार आठवलं असावं, आणि ते तीन दिवस चाललेलं विहिरीचं भांडण, जे शब्दन् शब्द त्याच्याच तोंडून इकडून तिकडे गेलं होतं. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. हातातलं दुसरं पान त्यानं जपून पासपोर्टात ठेवलं.

"हे आजोबांना," तो म्हणाला.